फ्लॉपच्या आधी रेज कधी करायचा: पानं सगळ्यात शेवटी बघा

पोकरच्या टेबलवर नवीन माणूस ओळखायला फार वेळ लागत नाही. पानं वाटली रे वाटली की तो लगेच कोपरा उचलून बघतो, एक्का दिसला की सरसावून बसतो, सत्ती-दुर्री दिसली की खुर्चीत मागे रेलतो, आणि मग स्वतःची पाळी येईपर्यंत बाकीचे काय करतायत याच्याकडे त्याचं लक्षच नसतं. पाळी आली की पानं चांगली वाटली तर रेज (लावलेले पैसे वाढवणं), बरी वाटली तर कॉल (आधीच्याएवढेच पैसे टाकणं), घाण वाटली तर फोल्ड (पानं टाकून डाव सोडणं). मी स्वतः सुरुवातीला कितीतरी महिने असाच खेळलो आणि चांगली पानं येऊनसुद्धा चिप्स का संपतात हे मला कळायचं नाही.

म्हणून हे लिहितोय. फ्लॉपच्या आधी, म्हणजे टेबलवर मधली पहिली तीन पानं उघडायच्या आधी, रेज करायचा की नाही, हे निम्म्याहून जास्त तुमची पानं बघायच्या आधीच ठरवता येतं आणि तशी सवय लावली तर पुढचा खेळ खूप सोपा होतो. क्रम असा ठेवायचा, आधी आपली खुर्ची, मग आपल्या आधी कोण काय करून गेलंय, मग आपल्या मागे कोण बसलंय आणि कोणाकडे किती चिप्स आहेत, आणि सगळ्यात शेवटी पानं. खरंच, पाळी येईपर्यंत पानांना हातच लावू नका, ऑनलाइन खेळत असाल तर स्क्रीनचा तेवढा भाग तळहाताने झाका. पहिले दोन दिवस जड जातं, मग जमतं.

इथे सगळं नो-लिमिट (कितीही पैसे लावता येणारं) टेक्सास होल्डेम धरून चाललोय, म्हणजे प्रत्येकाला दोन पानं, मध्ये पाच पानं सगळ्यांची मिळून (आधी तीन एकदम म्हणजे फ्लॉप, मग चौथं टर्न आणि पाचवं रिव्हर), आणि डाव सुरू व्हायच्या आधी दोघांना सक्तीने टाकावे लागणारे स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड. आकडे बिग ब्लाइंडच्या पटीत देतो, म्हणजे "३ बिग ब्लाइंडचा रेज" म्हटलं की ब्लाइंड १०० असेल तर ३०० समजायचे.

रेज करायचाच कशासाठी

पानं चांगली आहेत म्हणून रेज करायचा असं बहुतेकांना वाटतं, पण रेज नक्की काय काम करतो ते समजून घेतलं की कधी करायचा हे आपोआप कळायला लागतं.

नुसता कॉल केला तर लगेच जिंकता येत नाही, शेवटी पानं उघडली की आपली भारी निघाली पाहिजेत किंवा पुढे कधीतरी समोरच्याला पळवता आलं पाहिजे. रेज केला तर आत्ता इथेच सगळे फोल्ड होऊन मधले ब्लाइंड आपल्याकडे येऊ शकतात, आणि कोणी कॉल केलाच तर पॉट (मध्ये जमलेले पैसे) मोठा झालेला असतो, समोर माणसं कमी असतात आणि फ्लॉपवर सगळे आधी तुमच्याकडे बघतात कारण शेवटचा रेज तुमचा होता. हे शेवटचं फार कामाचं आहे. जोडी नसलेली कुठलीही दोन पानं घ्या, फ्लॉपवर त्यांची निदान एक जोडी जुळायची शक्यता साधारण तीनात एक असते. म्हणजे समोरच्याचाही तीनातल्या दोन वेळा फ्लॉप चुकलेलाच असतो, आणि तेव्हा ज्याने आधी रेज केलाय त्याची बेट खरी वाटते.

माणसं कमी करणं किती महत्त्वाचं आहे ते मला एका डावात कळलं. ओळखीच्या नऊ जणांत खेळत होतो, ब्लाइंड ५० आणि १००. मी बिग ब्लाइंडनंतर दुसऱ्या खुर्चीवर आणि पानं उचलली तर एक्क्यांची जोडी, जी सरासरी २२१ डावांत एकदा येते. वाटलं रेज केला तर सगळे पळतील, म्हणून गुपचूप १०० टाकून कॉल केला. माझ्या मागच्या तिघांनी शंभर-शंभर टाकले, स्मॉल ब्लाइंडने उरलेले ५० घातले, बिग ब्लाइंडने टेबलवर बोटं टेकवून चेक केलं, म्हणजे जास्त काही न टाकता आत राहिला. सहा जण आत, पॉट ६००. फ्लॉप आला अठ्ठी, पंजी, दुर्री, त्यातली दोन बदामची. मी ४०० लावले, बिग ब्लाइंडने ते १२०० केले, बाकीचे सगळे गेले आणि मी मात्र एक्क्यांची जोडी आहे म्हणून शेवटपर्यंत चिकटून राहिलो. त्याच्याकडे अठ्ठी-पंजी होती, म्हणजे दोन जोड्या, आणि सूटेड (दोन्ही एकाच सूटची, जसं दोन्ही बदाम) पण नाही. त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं, फ्लॉप त्याला फुकटात मीच दाखवला होता. मी सुरुवातीला ३०० केले असते तर ती अठ्ठी-पंजी त्याने लगेच टाकून दिली असती.

नंतर हिशोब बघितला. एक्क्यांची जोडी एका कुठल्याही हातासमोर शंभरात साधारण ८५ वेळा जिंकते, आणि तीच पाच हातांसमोर फक्त ४९ वेळा. जगातली सगळ्यात भारी सुरुवात, आणि मी स्वतःच ती निम्म्यावर आणून ठेवली होती.

पायरी १: आपली खुर्ची

डीलर बटन ज्याच्यासमोर आहे तो फ्लॉपनंतर दर वेळी सगळ्यात शेवटी बोलतो, म्हणजे बाकीच्यांनी काय केलं ते बघून ठरवतो. बटनाच्या डावीकडे स्मॉल ब्लाइंड, त्याच्या डावीकडे बिग ब्लाइंड, आणि त्याच्या पुढच्या खुर्चीपासून फ्लॉपच्या आधीची बोली सुरू होते. त्या पहिल्या खुर्चीला अंडर द गन म्हणतात, आणि बटनाच्या लगेच आधीची खुर्ची म्हणजे कटऑफ.

तुमची पाळी आली की मनात एकच आकडा मोजा, माझ्यानंतर अजून किती जणांनी बोलायचंय. समजा खरोखर घाबरावं असे हात म्हणजे दश्शीपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा आणि एक्का-राणी. दोन पानांच्या एकूण १३२६ जुळण्या होतात आणि त्यातल्या या ६२. म्हणजे एका माणसाकडे असा हात असायची शक्यता शंभरात पाचपेक्षा थोडी कमी, ऐकायला काहीच नाही. पण नऊ जणांच्या टेबलवर पहिल्या खुर्चीत बसलात तर मागे आठ जण आहेत, आणि त्यातल्या निदान एकाकडे असा हात असायची शक्यता ढोबळमानाने ३२ टक्क्यांवर जाते. सहा जणांच्या टेबलवर पहिल्या खुर्चीतून तीच २१ टक्के. बटनावर असाल आणि आधीचे सगळे फोल्ड झाले असतील तर मागे फक्त दोन ब्लाइंड, शक्यता ९ टक्के.

हे आकडे मी बरेच दिवस एका कागदावर लिहून समोर ठेवले होते. ३२, २१ आणि ९. तीच पानं, तोच माणूस, फक्त खुर्ची वेगळी. त्यात भर म्हणजे पहिल्या खुर्चीतून रेज केला आणि मागच्या कोणी कॉल केला तर फ्लॉप, टर्न, रिव्हर तिन्ही वेळा बहुतेक करून तुम्हालाच आधी बोलावं लागतं, आंधळ्यासारखं.

स्मॉल ब्लाइंडची खुर्ची फसवी आहे. मागे एकच माणूस उरलेला असतो म्हणून सोपी वाटते, अर्धे पैसे आधीच टाकलेत म्हणून सोडवत नाही, पण फ्लॉपनंतर प्रत्येक वेळी आधी तुम्हीच बोलणार. तिथे नवीन असताना माझं ऐका, एक तर रेज, नाहीतर फोल्ड.

पायरी २: आपल्या आधी काय झालंय

इथे जरा थांबू, कारण बहुतेक चिप्स इथेच जातात.

आधीचे सगळे फोल्ड झालेत आणि तुम्ही पहिले आत येताय, असं असेल तर नियम सरळ आहे, खेळायचं असेल तर रेज, नाहीतर फोल्ड. बिग ब्लाइंडएवढेच पैसे टाकून आत शिरण्याला लिंप म्हणतात, ते करू नका. जुने खेळाडू हे पूर्वीपासून सांगतात, पण २०१९ मध्ये याला एक मस्त पुरावा मिळाला. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे नोआम ब्राऊन आणि टुओमास सँडहोम यांनी फेसबुकच्या एआय विभागासोबत प्लुरिबस नावाचा प्रोग्रॅम बनवला, ज्याने सहा जणांच्या नो-लिमिट होल्डेममध्ये व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. त्याला माणसांचे डाव दाखवलेच नव्हते, तो स्वतःशीच खेळून शिकला. सुरुवातीला तो लिंप करून बघत होता, पण जसजसा शिकत गेला तसतसं ते त्याने सोडून दिलं, अपवाद एकाच खुर्चीचा, स्मॉल ब्लाइंडचा. मी वर स्मॉल ब्लाइंडला पण लिंप नको म्हणतोय ते नवीन माणसासाठी, तिथला लिंप नीट खेळायला फ्लॉपनंतरचा खेळ पक्का लागतो.

आता समजा तुमच्या आधी एकाने किंवा दोघांनी लिंप केलाय. असे लिंप करणारे बहुतेक वेळा मध्यम पानं घेऊन स्वस्तात फ्लॉप बघायला आलेले असतात. तुमचा हात एरवी रेज करण्याएवढा चांगला असेल तर त्यांच्यावर रेज करा, फक्त थोडा मोठा (किती ते पुढे सांगतो), आणि शक्यतो अशा खुर्चीतून की जिथे तुम्ही त्यांच्यानंतर बोलणार आहात. मात्र नुसते पळवायचे म्हणून हलक्या पानांवर इथे रेज करू नका, ज्याने एकदा पैसे टाकलेत तो "आता टाकलेतच तर बघू" म्हणून कॉल करतो, निदान मी ज्या टेबलांवर बसलोय तिथे तरी असंच होतं.

तिसरी परिस्थिती, कोणीतरी आधीच रेज केलाय. इथे नवीन माणूस सगळ्यात जास्त चुकतो, कारण रेज करायला जेवढी पानं पुरतात तेवढी दुसऱ्याच्या रेजला उत्तर द्यायला पुरत नाहीत. त्याने रेज केलाय म्हणजे वाईट पानं त्याने आधीच गाळलेली आहेत, उरलेल्या चांगल्या पानांशी तुमची गाठ आहे.

एकच हात तीन ठिकाणी ठेवून बघा. एक्का-गुलाम, दोन वेगवेगळ्या सूटचे.

नऊ जणांचं टेबल, तुम्ही पहिल्या खुर्चीत. मागे आठ जण. तुम्ही रेज केला आणि कोणी उलट रेज केला किंवा कॉल जरी केला तरी त्यांच्याकडे एक्का-राजा, एक्का-राणी नाहीतर मोठी जोडी असायची भीती. एक्का-राणीसमोर एक्का-गुलाम साधारण चारात तीनदा हरतो, आणि वाईट म्हणजे एक्का पडला की दोघांनाही आपलीच जोडी भारी वाटते आणि तुमचा पॉट मोठा होत जातो. फोल्ड. पहिल्यांदा असा हात टाकताना पोटात कालवतं, पण टाका.

बटनावर आहात, सगळे फोल्ड झालेत. तोच एक्का-गुलाम. मागे दोन माणसं, त्यांची पानं कुठलीही, आणि फ्लॉपनंतर तुम्ही शेवटी बोलणार. विचारसुद्धा करायचा नाही, रेज.

परत बटनावरच आहात, पण पहिल्या खुर्चीतल्या सावध माणसाने ३ बिग ब्लाइंडचा रेज केलाय आणि मधल्या एकाने कॉल केलाय. खुर्ची उत्तम, पानं तीच. पण पहिल्या खुर्चीतून रेज करणारा सावध माणूस कशावर रेज करतो ते आत्ताच बघितलं, त्यातले बरेच हात तुमच्या एक्का-गुलामच्या पुढे आहेत. फोल्ड.

तिन्ही वेळा पानं एकच होती, तरी उत्तर तीनदा वेगळ्या कारणाने आलं. हे एकदा डोक्यात बसलं ना की पानं शेवटी बघा असं मी का म्हणतोय ते पटेल.

मग दुसऱ्याच्या रेजवर उलट रेज, म्हणजे थ्री-बेट, कधी करायची? सुरुवातीला यादी अगदी आखूड ठेवा. राणी, राजा, एक्का यांच्या जोड्या आणि एक्का-राजा, बस. रेज करणारा कटऑफ किंवा बटनावरून आला असेल, म्हणजे हलक्या पानांवरही येऊ शकतो, तर त्यात गुलामांची आणि दश्शींची जोडी, एक्का-राणी, सूटेड एक्का-गुलाम घाला. तुमच्या हातात एक एक्का असला की समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असायच्या जुळण्या ६ वरून ३ वर येतात, म्हणून अनुभवी लोक कधीकधी सूटेड एक्का-पंजी घेऊनसुद्धा थ्री-बेट करतात, पण ते अजून काही महिने बाजूला ठेवा.

पायरी ३: मागे कोण बसलंय आणि स्टॅक किती

हे दोन नजरेत होतं. डावीकडे बघा. ब्लाइंडवरची माणसं सारखी फोल्ड करणारी असतील तर बटनावरून जास्त हातांवर रेज करा. ती काहीही घेऊन कॉल करणारी असतील तर हलके हात सोडून द्या आणि चांगल्या हातांवर थोडा मोठा रेज करा, कारण अशी माणसं किंमत बघत नाहीत.

स्टॅकचं, म्हणजे कोणाकडे किती चिप्स उरल्यात त्याचं, मात्र लोक विसरतात. मागे कोणाकडे १० ते १२ बिग ब्लाइंडच उरले असतील तर तो माणूस फोल्ड करेल नाहीतर सगळे लावेल (ऑल-इन), मधलं काही नाही. अशा वेळी छक्की-सत्ती सूटेडसारखा हात घेऊन रेज करायचा आणि त्याने ऑल-इन केल्यावर टाकून द्यायचा, यात तुमचे पैसे आयतेच जातात. रेज करायच्या आधीच ठरवा, याने ऑल-इन केलं तर मी कॉल करणार का? उत्तर नाही असेल तर बहुतेक वेळा तो रेजच नको.

स्वतःकडे १० बिग ब्लाइंड किंवा कमी असतील तर छोटा रेज हा प्रकारच सोडून द्या, तिथे ऑल-इन किंवा फोल्ड. अडीच लावून साडेसात मागे ठेवण्याने काही साधत नाही, समोरच्याने दाबलं की चौथाई स्टॅक गेला.

छोट्या जोड्यांचं गणितही स्टॅकवरच आहे. दुर्री-दुर्री किंवा चौकी-चौकी घेऊन फ्लॉपवर तिसरी यायची शक्यता साधारण साडेआठात एक. म्हणजे दुसऱ्याच्या रेजला अशा जोडीवर कॉल करायचा असेल तर त्याच्याकडे तुम्ही आत्ता घालताय त्याच्या निदान पंधरा-वीस पट चिप्स मागे हव्यात, नाहीतर तिसरी आली तरी मिळणार काय?

पायरी ४: आता पानं उचला

इथवर आलात की प्रश्न छोटा झालेला असतो, या खुर्चीतून, या परिस्थितीत, ही दोन पानं चालतात का. खालची यादी सहा जणांच्या टेबलसाठी आहे, आधी कोणी आत आलेलं नसताना.

पहिल्या खुर्चीतून: सत्तीपासून वरच्या सगळ्या जोड्या, एक्का-राजा आणि एक्का-राणी कशीही, एक्का-गुलाम आणि एक्का-दश्शी फक्त सूटेड, आणि सूटेडच असतील तर राजा-राणी, राजा-गुलाम, राणी-गुलाम, गुलाम-दश्शी. हे मोजलं तर १३२६ पैकी १०४ जुळण्या होतात, शंभरात ८. मुद्दाम आखूड ठेवलीय, तरबेज खेळाडू इथून जवळजवळ दुप्पट हात खेळतात, पण त्यांना फ्लॉपनंतर अडचणीतून निघता येतं.

बटनावरून: सगळ्या जोड्या, सूटेड एक्का कुठल्याही पानासोबत, ऑफसूट (दोन वेगवेगळ्या सूटचा) एक्का अठ्ठीपर्यंत, दश्शी किंवा त्यावरची कुठलीही दोन पानं, सूटेड राजा छक्कीपर्यंत, सूटेड राणी, गुलाम आणि दश्शी अठ्ठीपर्यंत, आणि सूटेड सलग पानं नव्वी-अठ्ठीपासून छक्की-पंजीपर्यंत. हे ३५० होतात, शंभरात २६, म्हणजे चारातला एक डाव. मधल्या खुर्च्यांसाठी वेगळी यादी पाठ करायची गरज नाही, कटऑफच्या आधी पहिल्या यादीत थोडी भर घाला, कटऑफवर बटनाच्या यादीतून सगळ्यात हलके हात काढून टाका.

सूटेड या शब्दाला नवीन लोक फार भुलतात. दोन पानं एकाच सूटची असली की जिंकायची शक्यता साधारण दोन-तीन टक्क्यांनीच वाढते, आणि फ्लॉपवरच फ्लश (एकाच सूटची पाच पानं) तयार व्हायचा तर तो ११९ वेळा एकदा. राजा-तिर्री सूटेड हा राजा-तिर्रीच आहे, पहिल्या खुर्चीतून त्याला टाकाच.

आणि एक्का-राजाबद्दल. ही जोडी नाही, हे लक्षात ठेवा. राण्यांच्या जोडीसमोर तो थोडा मागेच असतो, साधारण ४४ विरुद्ध ५६. तरी त्याच्यावर जोरात रेज करतो आपण, कारण तो १६ प्रकारे येतो (कुठलीही एक जोडी ६ प्रकारे) आणि समोरच्याच्या एक्का-राणी, एक्का-गुलाम, राजा-राणी या सगळ्या हातांना तो मागे ठेवतो. रेज केल्यावर ते हात कॉल करतात तिथेच त्याचा फायदा आहे.

किती रेज करायचा

आधी कोणी नसेल तर अडीच ते ३ बिग ब्लाइंड. लिंप केलेले असतील तर ३ आणि प्रत्येक लिंपमागे १ जास्त, म्हणजे दोन जण लिंप करून बसलेत तर ५, आणि तुम्ही ब्लाइंडमध्ये असाल तर अजून १ घाला. थ्री-बेट करताना समोरच्याच्या रेजच्या तिप्पट, आणि फ्लॉपनंतर तुम्हाला त्याच्याआधी बोलायचं असेल तर चौपट.

हे आकडे कुठून आले ते एकदा कागदावर करून बघा. मध्ये दीड बिग ब्लाइंड पडलेत. तुम्ही अडीचचा रेज केला, म्हणजे दीड जिंकायला अडीच लावले. दोघंही फोल्ड झाले तरच फायदा असं धरलं तर दर वेळी ६२.५ टक्के फोल्ड व्हायला हवेत तेव्हा बरोबरी होते. ३ चा केला तर हाच आकडा ६७ वर जातो. प्रत्यक्षात कॉल झाल्यावरही तुमचा हात काही वेळा जिंकतोच, म्हणून त्यापेक्षा कमी फोल्ड झाले तरी चालतं, पण रेज उगाच फुगवला की ब्लाइंडची चोरी महाग पडते एवढं यातून कळतं. ५०० जिंकायला ५००० लावणारे लोक मी बघितलेत, त्यांना कॉल फक्त एक्के आणि राजेच करतात.

आणि एकदा आकार ठरवला की एका खुर्चीतून प्रत्येक हाताला तोच ठेवा. एक्क्यांवर ४ आणि सत्तींवर २, असं केलंत तर तासाभरात टेबलवरच्या प्रत्येकाला तुमची पानं वाचता येतात. मला हे एका शांत बसणाऱ्या माणसाने डाव संपल्यावर बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुम्ही चिप्स मोजायला लागलात की मला कळतं मोठी जोडी आहे." त्याचे मी आजही आभार मानतो.

तुमच्या रेजवर कोणी रेज केला तर

याचं उत्तर चिप्स पुढे सरकवायच्या आधी तयार पाहिजे. तुम्ही ३ केले, त्याने ९ केले, बाकीचे गेले. पॉटमध्ये साडेतेरा आहेत आणि तुम्हाला अजून ६ घालायचेत, म्हणजे साधारण ३१ टक्के वेळा तरी तुम्ही जिंकायला हवं. एक्के आणि राजे असतील तर परत वर जा, २२ ते २५ च्या आसपास. राण्या आणि एक्का-राजा, समोरचा सारखा थ्री-बेट करणारा असेल तर वर जा, क्वचित करणारा असेल तर कॉल. गुलाम, दश्शी यांच्या जोड्यांवर खुर्ची चांगली असेल तर कॉल करून फ्लॉप बघा, पण गुलामांच्या जोडीवर राणी, राजा किंवा एक्का फ्लॉपवर पडायची शक्यता ५७ टक्के असते हे डोक्यात ठेवून.

एक्का-राणी ऑफसूटचं मात्र धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं होतं. सावध माणसाने थ्री-बेट केली असेल तर टाका. कॉल केलात तर एक्का पडल्यावर समोर एक्का-राजा आहे की काय याची भीती, राणी पडल्यावर राजांची भीती, आणि काहीच नाही पडलं तर फोल्डच. बाकीच्या हातांवर विचार न करता फोल्ड. रेज केला, उलट रेज आला, फोल्ड केलं, यात कमीपणा काही नाही, ३ गेले तेवढेच गेले.

सराव कसा करायचा

पहिले काही हजार डाव फुकटच्या चिप्सवर नाहीतर इतक्या कमी पैशांवर खेळा की हरल्याचं काही वाटणार नाही. पैशाची भीती बसली की हात लिंपकडे वळतो, रेज करायला धजत नाही, हे मी माझ्यातही बघितलंय आणि बऱ्याच जणांत.

सोबत वही ठेवा. रेज केलेल्या प्रत्येक डावासाठी एकच ओळ: खुर्ची, मागे किती जण होते, आधी कोण आत होतं, पानं, आणि रेजला काय उत्तर आलं. पान सगळ्यात शेवटच्या रकान्याच्या आधी लिहायचं, आधीचे तीन रकाने भरल्यावर. शंभर ओळी झाल्या की खुर्चीप्रमाणे मोजा. पहिल्या खुर्चीतून बटनापेक्षा जास्त रेज निघाले तर पानं अजून आधी बघितली जातायत, परत तळहाताने झाकायला सुरुवात करा. आणि बटनावर सगळे फोल्ड होऊन आलेले डाव वेगळे काढून बघा, त्यात चारातल्या एकापेक्षा कमी वेळा रेज झाला असेल तर पुढच्या शंभर डावांत फक्त तेवढ्याच एका जागेवर लक्ष द्या.